ठकूबाईंच्या ओट्याचं बिफोर

रखमाजी गुरुजी आयुष्यात कॅमेऱ्यासमोर एकदाच खोटं बोलले. ते खोटं नऊ सेकंदांचं होतं आणि सात लाख माणसांनी ते ऐकलं. त्याआधी छत्तीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांमधून मुलांना खरं बोलायला शिकवलं होतं. ते मात्र एका वेळी तीसेक मुलांपेक्षा जास्त कुणी ऐकलं नाही, आणि त्यांतलीही निम्मी खिडकीबाहेर बघत असत.

गोष्ट ओट्याची आहे, म्हणून ओट्यापासूनच सुरू करू. बोरी बुद्रुकला गुरुजींनी घर बांधलं तेव्हा गवंड्याने विचारलं, "ओटा किती उंच घ्यायचा?" ठकूबाईंनी कोपरात हात दुमडला, तळवा खाली केला आणि म्हणाल्या, "इथं." ठकूबाई साडेचार फूट उंचीच्या, त्यामुळे 'इथं' म्हणजे सत्तावीस इंच झाले. घरात पाच फूट नऊ इंचांचा आणखी एक माणूस राहतो, हे गवंड्याच्या लक्षात आलं नाही, ठकूबाईंच्याही नाही आणि खुद्द त्या माणसाच्याही नाही. कारण तो माणूस स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला यायचा.

ओटा चार-चार इंचांच्या पांढऱ्या टाइलचा होता. दोन टाइलांमधली जी बारीक रेघ असते, ती बहुतेक घरांत वर्षा-दोन वर्षांत काळी पडते. ठकूबाईंच्या ओट्याची रेघ एकतीस वर्षं पांढरी राहिली. दर शनिवारी त्या दात घासायच्या जुन्या ब्रशाने ती घासत. खिडकीच्या उजव्या अंगाला भिंतीत एक खिळा होता. त्यावर जुन्या लुगड्याचं फडकं, चार घड्या करून, टाचणीने टोचल्यासारखं नेटकं लटकलेलं असे. चहाचा कप उचलला की फडकं खाली यायचं, कपाचं वर्तुळ पुसायचं आणि परत चार घड्या होऊन खिळ्यावर जायचं. गुरुजी कधीकधी चेष्टेने म्हणत, "अगं, त्या कपाला निदान खाली टेकू तरी दे."

या फडक्यापायी शेजारच्या लंकाबाईंशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं बंद होतं. झालं होतं एवढंच, की लंकाबाई ताक घेऊन आल्या आणि ओला तांब्या त्यांनी ओट्यावर ठेवला. ठकूबाईंनी एक शब्द न बोलता तांब्या उचलला, खालचं पाणी पुसलं आणि तांब्या परत जागेवर ठेवला. लंकाबाईंना तो अपमान वाटला. ठकूबाईंना त्यात अपमान काय होता तेच कळलं नाही. दोघी पुढे अकरा वर्षं एकमेकींच्या भांड्यांचे आवाज ऐकत राहिल्या. ठकूबाई गेल्या त्या दिवशी घरभर माणसं होती, चहाची पातेली चढत-उतरत होती. तेव्हा लंकाबाई गुपचूप आत शिरल्या, खिळ्यावरचं फडकं काढलं, सगळा ओटा पुसला आणि कुणाशी न बोलता निघून गेल्या. कुणी पाहिलं नाही. गुरुजींनी पाहिलं.

त्यानंतर गुरुजी सत्तावीस इंचांच्या ओट्यावर स्वयंपाक शिकले. पोळी लाटताना ते शेतात खुरपणी करणाऱ्या माणसासारखे दिसत. महिन्याभरात कंबर धरली. मुलगी नंदा घोडेगावला दिलेली. ती आली की बापाला वाकलेला बघून तिचा जीव तुटायचा.

"आण्णा, आईच्या वर्षश्राद्धाला पन्नास माणसं येतील. त्याच्या आत हा ओटा वर घ्या. नाहीतर तुम्हाला कायमचं असंच वाकून चालावं लागेल."

गुरुजी दोन महिने "बघू" म्हणाले. पण गावात बातमी गेली आणि सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, ओटा पूर्वेला हवा. दुसरा म्हणाला, आग्नेयेला हवा, पूर्वेला केला की घरात भांडणं होतात. गुरुजी म्हणाले, "मी एकटा राहतो. भांडू कुणाशी?" त्यावर तो म्हणाला, "तेच म्हणतोय, गुरुजी. आग्नेयेला घेतला तर तोही प्रश्न उरत नाही." तिसऱ्या माणसाला त्याच्या बायकोने जन्मात कधी ओट्याजवळ फिरकू दिलं नव्हतं, त्याने ग्रॅनाइटच्या जाडीवर पाऊण तास सांगितलं आणि जाताना विचारलं, "बरं, सिंक म्हणजे मोरीच ना?"

शेवटी काम रामनाथला दिलं. रामनाथ गुरुजींचा चौथीतला विद्यार्थी. आळेफाट्यावर त्याचं किचन आणि फर्निचरचं दुकान होतं. त्याची बायको प्रांजल दुकानाचं मोबाइलवरचं पान सांभाळायची, म्हणजे फोटो आणि रील टाकायची. ती हुशार होती, कामाला वाघीण होती आणि गुरुजींना 'सर' म्हणायची.

"सर, एक विनंती आहे," ती म्हणाली. "तुमच्या किचनचं रील करू द्या. आधीचं आणि नंतरचं, बिफोर-आफ्टर. आमच्याकडून चिमणी भेट."

दिवसातून दोनदा चहा आणि एकदा पिठलं करणाऱ्या माणसाला धूर ओढणारी चिमणी कशाला, हा विचार गुरुजींच्या मनात आला होता. पण विद्यार्थ्याच्या संसाराला मदत होते आहे, म्हणून ते हो म्हणाले. शिवाय कॅमेऱ्याचं त्यांना थोडं आकर्षण होतं, तेही लपवायला नको.

ठरल्या दिवशी प्रांजल मोबाइल लावायचं तिकाटणं आणि गोल दिवा घेऊन आली. तिने स्वयंपाकघर मोबाइलमधून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पाहिलं, मग मोबाइल खाली घेऊन डोळ्यांनी पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला.

"सर, हे तर आफ्टरच वाटतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे बिफोर कसं, बघवत नाही असं पाहिजे. लोकांना वाटलं पाहिजे, अरे बापरे. हे फारच स्वच्छ आहे. याचं रील चालणार नाही."

रामनाथ म्हणाला, "जरा घाण करू का, गुरुजी? उद्या तोडायचंच आहे."

इथे गुरुजींनी नको म्हणायला हवं होतं. ते तसं म्हणालेही. पण मग रामनाथने भिंतीला काळं फासायला सुरुवात केली ती बुटाच्या पॉलिशने, आणि ते इतकं खोटं दिसायला लागलं की गुरुजींना राहवेना.

गुरुजींचा तिथेच घात झाला. छत्तीस वर्षांत त्यांनी छत्तीस स्नेहसंमेलनं बसवली होती. तिसरीतल्या पोराला म्हातारा करायचं, पाचवीतल्या पोरीला राक्षस करायचं, यात ते पार तालुक्यात नावाजलेले होते. जळक्या बुचाने त्यांनी रंगवलेल्या मिशा घाम आला तरी ओघळत नसत. वाईट रंगभूषा त्यांना सहन होत नसे.

"सरक बाजूला," ते म्हणाले. "धूर असा चढत नाही. तो खालून वर निमुळता होत जातो."

त्यांनी अंगणातल्या पाण्याच्या चुलीवरून काजळी खरवडून आणली. खोबरेल तेलात कालवली. बोटाने, मग बोळ्याने, टाइलांच्या प्रत्येक रेघेत ती भरली. एकतीस वर्षांच्या पांढऱ्या रेघा पाऊण तासात काळ्या झाल्या. समईच्या वातींचा कापूस पिंजून कोपऱ्यात जळमटं लावली. खिळ्यावरचं फडकंसुद्धा चिखलात बुडवून टांगायचं रामनाथने सुचवलं. ते मात्र गुरुजींनी काढून खिशात ठेवलं. प्रांजलने हळूच विचारलं, "एखादं झुरळ?" गुरुजी म्हणाले, "झुरळ नाही. काही मर्यादा आहे." आपण मर्यादा पाळली याचं त्यांना त्या वेळी समाधानही वाटलं. झुरळ नंतर मोबाइलमधून घालता येतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

मग ते ओट्याजवळ उभे राहिले, खांदे पाडले, आणि प्रांजलने सांगितलेलं वाक्य म्हणाले: "एकतीस वर्षं आमचं स्वयंपाकघर असंच होतं. आत यायलासुद्धा नको वाटायचं." वाक्य एका फटक्यात झालं. प्रांजल म्हणाली, "सर, किती खरं वाटलं!" रामनाथने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर गुरुजींना कसंसंच वाटलं. ते म्हणाले, "आधी हे पुसून घेऊ." त्यांनी बादली भरली. पण रामनाथचे दोन कामगार घण घेऊन आले होते, त्यांना दुपारी दुसरीकडे जायचं होतं. त्यातला एक म्हणाला, "तोडायचाच हाय नव्हं बाबा? पुसताय कशाला?" प्रश्न बिनतोड होता. गुरुजी बादली धरून दारात उभे राहिले आणि ओटा तसाच, काजळी फासलेला, फुटला. सणाला, लग्नाला, दवाखान्यात जातानासुद्धा ठकूबाई ओटा पुसल्याशिवाय बाहेर पडल्या नव्हत्या. त्यांच्या ओट्याला शेवटची आंघोळ मिळाली नाही.

पुढचे तीन आठवडे बांधकामात होतात तेच घोटाळे झाले. टाइल एक मागवली, दुसरीच आली. प्लंबर आला तेव्हा गवंडी नव्हता, आणि गवंडी आला तेव्हा प्लंबर भाच्याच्या लग्नाला गेला होता. गरम पाण्याच्या नळाला गार आणि गारच्याला गरम पाणी यायला लागलं, ते रामनाथने नळांवरची लाल-निळी टिकली बदलून दुरुस्त केलं. भाकरी लंकाबाईंकडून येत असे. त्या ताट उंबऱ्यात ठेवत आणि आत न बघता परत जात.

ओटा तयार झाला. चौतीस इंच, काळा ग्रॅनाइट, चकचकीत लाल दारं, खाली सरकते कप्पे. गुरुजींनी ताठ उभं राहून पहिला चहा केला. आठ दिवसांत कंबर दुखायची थांबली. आणि ती थांबली याचंच त्यांना एका सकाळी इतकं वाईट वाटलं, की त्यांनी चहा अर्धा टाकून दिला.

रील एकादशीला टाकलं. एकतीस सेकंदांचं होतं. आधी काजळी, जळमटं, गुरुजींचं वाक्य; मग एक टिचकी आणि लाल दारं. पहिल्या दिवशी दीड हजार लोकांनी पाहिलं. चौथ्या दिवशी लाख. आठवड्यात चार लाख. गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून आळेफाट्याला गेले, तर चहावाल्याने ओळखलं: "तुम्ही ते काजळीवाले बाबा ना?" गुरुजींना ते नाव फारसं आवडलं नाही, पण चहावाल्याने बिस्किट फुकट दिलं.

संध्याकाळी नंदाचा फोन आला. तिने आधी जेवण झालं का विचारलं. मग म्हणाली, "आण्णा, सासूबाईंनी ते रील बघितलं. सगळ्या जावांना दाखवलं. म्हणाल्या, तुझ्या आईच्या स्वच्छतेचं कौतुक लई ऐकलं होतं गं, आज डोळ्यांनी बघितलं."

गुरुजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आण्णा, झुरळ होतं त्यात. आईच्या ओट्यावर झुरळ."

"ते झुरळ मोबाइलमधलं आहे, नंदा."

"आणि काजळी?"

छत्तीस वर्षं वर्गात "कुणी केलं, खरं सांगा, मारणार नाही" असं ते विचारत आले होते. कोपऱ्यातलं पोर उत्तर द्यायला किती वेळ लावतं आणि का लावतं, ते त्यांना त्या दिवशी समजलं.

"काजळी मी लावली," ते म्हणाले. नंदाने फोन ठेवला.

मग त्यांनी चष्मा लावून खालचे अभिप्राय वाचले. सहाशे चाळीस होते. 'हिथं जेवणाऱ्याला शौर्यपदक द्या.' 'काकूंना साबण माहीत नव्हता का?' 'काका बिचारे एकतीस वर्षं सहन करत होते.' हे शेवटचं त्यांनी तीनदा वाचलं.

सकाळी ते दुकानात गेले. "रामनाथ, ते रील काढून टाक."

रामनाथने मान खाली घातली. "गुरुजी, एकोणीस गिऱ्हाइकं आली त्याच्यावर. ओतूर, मंचर, पार मढवरून. दोन नवी माणसं कामाला लावली मी. पण तुम्ही सांगत असाल तर आत्ता काढतो." आणि त्याने खरोखर प्रांजलला काढायला सांगितलं.

प्रांजल म्हणाली, "काढते, सर. पण लोकांनी ते आपापल्या पानांवर घेतलंय. कुणी गाणं लावलंय, कुणी तुमचं वाक्य कापून दुसऱ्याच घरांवर चिकटवलंय. आता ते आपल्या हातात नाही. तुम्ही फळा पुसता ना, तेव्हा खडूची धूळ वर्गभर उडते. ती परत फळ्यावर कशी आणणार?"

उदाहरण चांगलं होतं. गुरुजींना ते आवडलं, आणि आवडल्याचा रागही आला. नवी लावलेली दोन माणसं डोळ्यांसमोर आली. "राहू दे," ते म्हणाले.

तिथून ते तडक पोलीस ठाण्यात गेले. हवालदार भले गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अर्ज पुढे घेतला.

"बदनामी कुणाची झाली?"

"माझ्या पत्नीची."

"त्यांची सही लागेल."

"ती वारली. वर्ष होत आलं."

हवालदारांनी पेन क्षणभर खाली ठेवलं. "बरं. काळं कुणी फासलं?"

"मी."

"व्हिडिओत बोललं कोण?"

"मी."

"शूटिंगला परवानगी कुणी दिली?"

"मीच."

"मग गुरुजी, इथं आरोपी म्हणून एक रकाना आहे. त्यात काय लिहू?"

गुरुजींनी आपलं पूर्ण नाव सांगितलं. हवालदारांनी ते लिहिलं नाही. अर्जाची घडी घालून त्यांनी गुरुजींच्या खिशात ठेवली, दारापर्यंत सोडायला आले आणि दाराशी थोडं घुटमळून म्हणाले, "त्या किचनवाल्याचा नंबर मिळेल का? आमच्या मंडळी मागं लागल्यात."

आता उरला एकच मार्ग, आणि तो गुरुजींना माहितीचा होता. वह्या तपासाव्यात तसे ते रोज सकाळी आंघोळ करून बसत आणि एका बोटाने एकेका अभिप्रायाला उत्तर लिहीत. 'सप्रेम नमस्कार. आपण लिहिलेत की काकूंना साबण माहीत नव्हता. वस्तुस्थिती अशी की आमच्या घरी दर शनिवारी ओट्याच्या रेघा ब्रशाने घासल्या जात. काजळी मी लावली होती. कळावे. आपला, रखमाजी.' सहाशे चाळीस माणसांना त्यांनी सहाशे चाळीस वेगळी पत्रं लिहिली, कारण एकच मजकूर उतरवून काढणं म्हणजे कॉपी. कुणी उलट शिवी दिली तरी 'आपले पत्र पोचले' अशी सुरुवात करून ते पुन्हा लिहीत. बारा दिवस लागले.

तेराव्या दिवशी प्रांजल घरी आली.

"सर, कसं सांगू? आपण खाली जितकं लिहितो ना, तितकं मोबाइलला वाटतं, हे लोकांना आवडतंय. मग तो ते आणखी लोकांना दाखवतो."

"म्हणजे?"

"आता सात लाख झालेत."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि परत न घालता हातात धरून ठेवला.

मग त्यांनी पुरावा शोधायला घेतला. जुना, पांढरा, खरा ओटा दाखवणारा एक फोटो मिळाला तरी पुरे. ट्रंकेतले, कपाटातले, नंदाच्या आणि पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो धुंडाळले. ठकूबाई भैरवनाथाच्या देवळापुढे होत्या, लग्नात होत्या, गुरुजींच्या निरोप समारंभात शाल घेऊन होत्या. स्वयंपाकघरात कुठेच नव्हत्या. फोटो काढायची वेळ आली की त्या ओटा पुसून, हात कोरडे करून बाहेर येत. ज्या जागी बाईने एकतीस वर्षं काढली, तिथला तिचा एकही फोटो नव्हता. गुरुजींच्या हेही तेव्हाच लक्षात आलं. नातीच्या वाढदिवसाच्या एका फोटोत केकच्या मागे, दारातून, ओट्याची चार बोटं कड दिसत होती. प्रांजलने ती मोठी केली. टाइलवर उजेड असा लख्ख पडला होता, की पांढऱ्या चकाकीपलीकडे काहीच दिसेना.

"बघ," गुरुजी म्हणाले, "किती स्वच्छ आहे."

"हो, सर," प्रांजल म्हणाली. तिने डोळे पुसले आणि मोबाइलची काच पुसल्यासारखं केलं.

वर्षश्राद्धाला पन्नासाच्या जागी सत्तर माणसं आली. नैवेद्य झाला, कावळ्याने फार वाट पाहायला लावली नाही. जेवणं उरकल्यावर बायका नवं स्वयंपाकघर बघायला आत जमल्या. सरकते कप्पे उघडले, मिटले. चिमणी लावून पाहिली; ती काहीच धूर नसताना मोठ्याने घरघरली. नंदाच्या सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, ते काजळीचं सगळं गेलं. आता घरात लक्ष्मी येईल."

नंदा मान खाली घालून पत्रावळी गोळा करत राहिली. गुरुजी दारात होते. त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

आवाज मागून आला. "कोन म्हन्लं काजळीचं?"

लंकाबाई उंबरा ओलांडून आत आल्या होत्या.

"अकरा वर्सं माजं तिच्याशी बोलनं नव्हतं. का नव्हतं? म्या वला तांब्या ठिवला म्हनून! येवडुसं पानी व्हतं, बोटाच्या पेराएवडं. तेवडं बी तिला खपलं न्हाई. लई राग आला मला. लई. घरी जाऊन माजा वटा बगितला, तर मलाच माजी लाज वाटली. तवापासून म्या बी रोज पुसते. तिला दिसावं म्हनून खिडकी उगडी ठिऊन पुसते. ती मेली, तरी पुसते. आन् तुमी तिला घान म्हनताय?"

सासूबाईंनी उघडलेला कप्पा हळूच मिटला.

गुरुजी म्हणाले, "काजळी मी लावली. या हातांनी. पाऊण तास लागला मला. आणि वर म्हणालो, आत यायला नको वाटायचं." मग म्हणाले, "मी आत यायचो कुठं? फक्त पाणी प्यायला यायचो."

नंदाने पत्रावळी खाली ठेवल्या आणि बापाचा हात धरला. सासूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मोबाइलवरचं काय खरं धरायचं, म्हणा." एवढ्यावर ते मिटलं.

प्रांजल जेवायला आली होती, तिने हे सगळं मोबाइलमध्ये घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींना आणि लंकाबाईंना विचारून तिने ते दुकानाच्या पानावर टाकलं. लंकाबाईंनी अट घातली की चेहरा गोरा करायचा नाही. आठवड्यात ते अकरा वेळा पाहिलं गेलं. प्रांजलने तपासलं तर त्यातल्या सात वेळा गुरुजीच होते.

त्याच रविवारी गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातून फडकं काढलं. शूटिंगच्या दिवसापासून ते सदरा बदलला की नव्या खिशात जात होतं. नव्या स्वयंपाकघरात ते टांगायला जागाच नव्हती. सगळं दारांच्या आत होतं. त्यांनी हातोडी घेतली आणि खिडकीच्या उजव्या अंगाला खिळा धरला. किती उंचीवर मारायचा ते मोजावं लागलं नाही. त्यांच्या छातीशी, म्हणजे ठकूबाईंच्या हाताला येईल असा. चौथ्या घावाला नवी टाइल खिळ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकली. खिळा मात्र पक्का बसला.

तासाभराने रामनाथ एका गिऱ्हाईक बाईंना घेऊन आला. मंचरच्या होत्या, रील बघून आलेल्या. दारातच रामनाथ थबकला.

"गुरुजी! तुम्ही आफ्टरला खिळा मारला?"

"मारला."

बाईंनी लाल दारं पाहिली, कप्पे पाहिले, ग्रॅनाइटवर हात फिरवला. उन्हातून आल्या होत्या. पिशवीतून गार पाण्याची बाटली काढून घोटभर प्यायल्या आणि बाटली त्यांनी ओट्यावर ठेवली. बाटलीला बाहेरून पाणी सुटलं होतं.

गुरुजी पुढे झाले. एक शब्द न बोलता त्यांनी बाटली उचलली, खालचं ओलं वर्तुळ फडक्याने पुसलं, बाटली परत जागेवर ठेवली, आणि फडक्याच्या चार घड्या करून ते खिळ्याला लावलं.

बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी बाटली पिशवीत टाकली, रामनाथला "कळवते" म्हणाल्या आणि चपला घालून चालू लागल्या. रामनाथ त्यांच्यामागे धावला.

समोरच्या उघड्या खिडकीत लंकाबाई आपला ओटा पुसत उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"गुरुजी," त्या तिथूनच म्हणाल्या, "आता अकरा वर्सं ती बाई तुमच्याशी बोलायची न्हाई बगा."

फडक्याचं एक टोक खाली लोंबत होतं, ते गुरुजींनी वर घेतलं.